एका फ्रँकची कंपनी: थॉमसनचं प्रकरण

ऑक्टोबर 1996 मध्ये फ्रेंच सरकारने आपला थॉमसन हा उद्योगसमूह विकायचं ठरवलं. घेणार होता लागार्देर समूह. त्याला हवी होती थॉमसन-सीएसएफ, म्हणजे रडार आणि लढाऊ विमानांची इलेक्ट्रॉनिक यंत्रणा बनवणारी कंपनी. समूहातली दुसरी मोठी कंपनी होती थॉमसन मल्टिमीडिया. ती टीव्ही आणि व्हिडिओची यंत्रं बनवायची, आणि ती लागार्देरला नको होती. म्हणून ती दक्षिण कोरियाच्या देवूकडे जायची होती. किंमत ठरली एक फ्रँक.

त्या एका फ्रँकमध्ये काय काय होतं ते पाहायला हवं. जगभरचे 40,000 हून अधिक कर्मचारी. फ्रान्समधलं थॉमसन, जर्मनीतली टेलिफुंकेन, साबा आणि नोर्डमेंडे, इंग्लंडमधलं फर्ग्युसन, अमेरिकेतलं आरसीए अशी घराघरात माहीत असलेली नावं. पिक्चर ट्यूबचे कारखाने. संशोधकांच्या प्रयोगशाळा. आणि या सगळ्याबरोबर सुमारे 14 अब्ज फ्रँकचं कर्ज. पंतप्रधान आलँ जुप्पे यांनी कंपनीचं मोल शून्य आहे, तिच्यापाशी कर्जच काय ते आहे, अशा अर्थाचं विधान टीव्हीवर केलं. ते कामगारांना फार लागलं. निदर्शनं झाली. डिसेंबरमध्ये खासगीकरण आयोगाने देवूचा भाग नाकारला आणि सगळा व्यवहार फिसकटला. आपल्या कंपनीला नालायक ठरवल्यासारखं वाटून कोरियात नाराजी उमटली.

शंभर वर्षांहून जुन्या कंपनीची किंमत एका नाण्यावर कशी आली, आणि तो सौदा मोडल्यावर तिचं पुढे काय झालं, हे या प्रकरणाचे दोन प्रश्न आहेत. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर शोधत गेलं की वाट थेट मराठवाड्यात येते. म्हणून मराठी वाचकासाठी ही परक्या देशातली लांबची गोष्ट उरत नाही.

नावापासून सुरुवात करतो, कारण या प्रकरणात नावाला फार महत्त्व आहे. थॉमसन हे फ्रेंच आडनाव नाही. एलिहू थॉमसन इंग्लंडमधल्या मँचेस्टरला 1853 साली जन्मले, लहानपणीच कुटुंबासोबत अमेरिकेत फिलाडेल्फियाला गेले. तिथले त्यांचे शिक्षक एडविन ह्यूस्टन आणि ते मिळून विजेच्या दिव्यांवर काम करू लागले आणि 1883 साली थॉमसन-ह्यूस्टन कंपनी उभी राहिली. 1892 साली ती एडिसनच्या कंपनीत मिसळून जनरल इलेक्ट्रिक, म्हणजे जीई, तयार झाली. पुढच्याच वर्षी थॉमसन-ह्यूस्टनच्या पेटंटांच्या बळावर पॅरिसमध्ये फ्रेंच थॉमसन-ह्यूस्टन कंपनी स्थापन झाली. तिचं सुरुवातीचं काम होतं ट्राम आणि वीजपुरवठ्याची यंत्रं. 1928 साली तिचा जड यंत्रांचा विभाग अल्सास प्रांतातल्या एका कंपनीत मिसळला आणि दोन्हींची नावं जोडून 'अल्स्थॉम' झालं. आज मुंबईच्या भुयारी मेट्रो 3 च्या गाड्या पुरवणारी अल्स्टॉम ती हीच. तिच्या नावातला 'टॉम' एलिहू थॉमसन यांचा.

रेडिओ घरात आला तो दुसऱ्या वाटेने. उझेन द्युक्रेते यांनी 1898 साली आयफेल टॉवरवरून चार किलोमीटरवरच्या पांथेऑं या वास्तूपर्यंत बिनतारी संदेश पाठवला होता. त्यांच्या नावाची कंपनी पुढे थॉमसनकडे आली आणि द्युक्रेते-थॉमसनचे रेडिओ फ्रेंच बैठकीच्या खोल्यांत वाजू लागले. युद्धानंतर टीव्ही आला, 1966 साली ब्रांटची धुलाई यंत्रं आणि फ्रिज आले, 1968 साली सीएसएफ आल्यावर रडार आलं. एकाच छपराखाली घरातला फ्रिज आणि हवाई दलाचं रडार. हा संसार पुढे कधीच नीट जमला नाही.

1982 साली राष्ट्राध्यक्ष मितेराँ यांच्या सरकारने थॉमसनचं राष्ट्रीयीकरण केलं. त्याच वर्षीची एक घटना मला या प्रकरणाची किल्ली वाटते. जपानी व्हिडिओ रेकॉर्डर फ्रान्समध्ये धो धो येत होते. ऑक्टोबरमध्ये सरकारने फर्मान काढलं की आयात होणारा प्रत्येक व्हिडिओ रेकॉर्डर पुआतिए या गावातूनच सोडवून घ्यायचा. पुआतिए समुद्रापासून लांब, देशाच्या आत. तिथलं कस्टमचं कार्यालय छोटं, माणसं मोजकी. पेट्या उघडायच्या, कागद तपासायचे, ते फ्रेंचमध्ये आहेत का ते पाहायचं. गोदामं तुंबली. इसवी सन 732 मध्ये दक्षिणेकडून आलेली अरब फौज फ्रँक लोकांचा सरदार चार्ल्स मार्टेल याने याच गावाजवळ अडवली होती, हे प्रत्येक फ्रेंच मुलाला शाळेत शिकवलं जातं. त्यामुळे गावाची निवड कशासाठी झाली हे कुणाला सांगावं लागलं नाही. काही महिन्यांत जपानने युरोपला पाठवायच्या मालावर स्वतःहून मर्यादा मान्य केली आणि पुआतिएची अट उठली.

पण या काळात थॉमसन स्वतः काय विकत होतं? जपानच्या जेव्हीसी कंपनीचं व्हीएचएस हे व्हिडिओ टेपचं तंत्र. फिलिप्सची युरोपीय पद्धत थॉमसनने घेतलीच नव्हती. म्हणजे सरकार सीमेवर ज्या यंत्राला अडवत होतं, त्याच यंत्रावर आपल्या कंपनीचं नाव लागत होतं. मी हे दोष काढण्यासाठी सांगत नाही. व्हीएचएस घेण्याचा निर्णय व्यापाराच्या हिशेबाने बरोबरच होता. मुद्दा असा की संरक्षणाची भिंत उभी राहिली खरी, पण तिच्या आत शिकण्याचं काम झालं नाही. रेकॉर्डरचं टेप वाचणारं फिरतं डोकं कसं घडवायचं, त्याची यंत्रणा मायक्रॉनच्या हिशेबात कशी जुळवायची, ही विद्या जपानी कारखान्यांतच राहिली.

शाळांमध्येही हेच झालं. जानेवारी 1985 मध्ये पंतप्रधान लोराँ फाबिउस यांनी 'सर्वांसाठी संगणक' ही योजना जाहीर केली. सुमारे 50,000 शिक्षणसंस्थांमध्ये 1,20,000 यंत्रं. त्यातली बरीचशी थॉमसनची, टीओ7 आणि एमओ5. या यंत्रांना एक प्रकाशलेखणी जोडलेली असे. मूल ती पडद्याला टेकवून रेष काढू शकायचं, माऊस घरोघर पोचण्याच्या आधी. त्या पिढीतले फ्रेंच लोक आजही या लेखणीबद्दल जिव्हाळ्याने बोलतात. पण शाळेबाहेर जग आयबीएमच्या पद्धतीकडे निघालं होतं, आणि दशक संपता संपता थॉमसनने घरगुती संगणक बनवणं थांबवलं.

राष्ट्रीयीकरण झालेल्या कंपनीच्या प्रमुखपदी आलँ गोमेझ होते. त्यांचा हिशेब साधा होता: टीव्हीच्या धंद्यात आकार नसेल तर जगता येत नाही, म्हणून आकार विकत घ्यायचा. जर्मनीतल्या ग्रुंडिगवर हात टाकला, पण तिथल्या स्पर्धा-नियामकाने अडवलं. मग टेलिफुंकेन घेतली. 1987 साली इंग्लंडची फर्ग्युसन. आणि त्याच वर्षी सगळ्यात मोठा व्यवहार: थॉमसनने आपली वैद्यकीय यंत्रांची कंपनी जीईला दिली आणि वर रोख रक्कम घालून जीईचा संपूर्ण टीव्ही-रेडिओ धंदा घेतला. आदल्याच वर्षी जीईने आरसीए विकत घेतली होती, त्यामुळे आरसीएही सोबत आली.

इथे क्षणभर थांबायला हवं. ज्या कंपनीच्या पोटी जीई जन्मली, तिच्या फ्रेंच शाखेने जवळजवळ शंभर वर्षांनी जीईचे टीव्ही विकत घेतले. आणि आरसीए ही 1919 साली जीईनेच उभी केलेली. वर्तुळ पुरं झालं. एक्स-रे आणि स्कॅनर बनवणारा वैद्यकीय विभाग जीईकडे गेला. पुढे तो धंदा वाढतच राहिला. टीव्हीच्या धंद्यातला नफा मात्र दरवर्षी आटत गेला. या अदलाबदलीत कुणाला काय मिळालं याचं माझं मत स्पष्ट आहे: जीईने पुढची चाळीस वर्षं घेतली, थॉमसनने मागची चाळीस.

पिक्चर ट्यूब म्हणजे काय हे आता नव्या पिढीला सांगावं लागतं. काचेचं मोठं नरसाळ्यासारखं भांडं, आतली हवा पूर्ण काढलेली. मागच्या निमुळत्या गळ्यात इलेक्ट्रॉनची तोफ. समोरच्या काचेला आतून लाल, हिरव्या, निळ्या ठिपक्यांचा लेप, आणि त्याच्या मागे लाखो बारीक भोकांची पातळ धातूची जाळी. प्रत्येक इलेक्ट्रॉनचा झोत त्या भोकातून नेमका आपल्या रंगाच्या ठिपक्यावर पडला पाहिजे. ज्यांनी 29 इंची टीव्ही उचलून माळ्यावर ठेवला आहे त्यांना त्या काचेचं वजन पाठीत आठवत असेल. टीव्हीतला सर्वात महाग भाग हाच. काच वितळवणारी भट्टी एकदा पेटली की वर्षानुवर्षं विझवता येत नाही. विझवली तर आतली काच गोठून भट्टीच फोडावी लागते. म्हणून ट्यूबचा कारखाना म्हणजे पोत्याने पैसा ओतून उभी केलेली आणि सहज हलवता न येणारी गोष्ट. ज्याच्याकडे ट्यूब तो टीव्हीचा मालक, असा हा धंदा होता. आरसीए घेताना गोमेझ यांना ही ताकद हवी होती.

आणि द्रव स्फटिकाचा, म्हणजे आपण एलसीडी म्हणतो तो, पडदा 1968 साली जगाला पहिल्यांदा दाखवला होता आरसीएच्याच संशोधकांनी. आरसीएने तो पुढे नेला नाही, जपानी कंपन्यांनी नेला. थॉमसनच्या वाट्याला ते नाव आलं, ट्यूब आल्या. ती प्रयोगशाळा आली नाही. जीईने ती दुसरीकडे दिली.

1990 च्या दशकात कर्जाचं व्याजच कंपनीला खाऊ लागलं. या काळातली एक सुंदर गोष्ट नोंदवतो. प्रसिद्ध रचनाकार फिलिप स्टार्क तेव्हा कंपनीचे कलादिग्दर्शक होते, आणि साबा या नावाखाली त्यांनी 1994 साली एक टीव्ही आणला. त्याची पेटी दाबून बनवलेल्या लाकडाच्या भुश्श्याची होती. टीव्हीला काळ्या प्लास्टिकच्या बाहेर काढायचा विचार तेव्हा फारसं कुणी करत नव्हतं. तो टीव्ही आज संग्रहालयांत आहे. पण तेवढ्याने 14 अब्जांचं कर्ज फिटणार नव्हतं.

देवूचा सौदा मोडला ते बरं झालं का? हा प्रश्न भावनेचा नाही, पुढची कागदपत्रं उत्तर देतात. देवूने फ्रान्समध्ये 5,000 नोकऱ्या देण्याचं वचन दिलं होतं. 1999 साली खुद्द देवू समूहच कर्जाखाली कोसळला. फ्रान्समधल्या लॉरेन प्रांतातले त्याचे कारखाने 2002-2003 मध्ये बंद झाले. कामगारांचा संशय खरा ठरला.

1997 साली सरकारने कंपनीत सुमारे 11 अब्ज फ्रँक घातले आणि प्रमुखपदी तिएरी ब्रेतों यांना आणलं. त्यांनी मायक्रोसॉफ्ट, डायरेक्टटीव्ही, अल्काटेल आणि एनईसी यांना भागीदार केलं, 1999 साली कंपनी शेअर बाजारात नेली. एक फ्रँकची कंपनी बाजारात अब्जावधींची ठरली. फ्रान्समध्ये याचं खूप कौतुक झालं, आणि ते योग्य होतं. उलाढाल कशी करायची हे ब्रेतों यांना कळत होतं.

पण बाजाराने मोल कशाला दिलं ते पाहा. डिजिटल टीव्हीचे डबे (सेट-टॉप बॉक्स), पेटंटचं उत्पन्न, इंटरनेटची स्वप्नं. यात खरं सोनं होतं ते एमपी3. गाण्याची फाइल दहाव्या हिश्श्याइतकी लहान करणारं हे तंत्र जर्मनीतल्या एर्लांगेन इथल्या फ्राउनहोफर संस्थेत घडलं, आणि त्यात थॉमसनच्या जर्मन शाखेचा हात होता. म्हणून त्याचे परवाने थॉमसन विकत होती. जगात कुठेही एमपी3 वाजवणारं यंत्र बनलं की परवान्याचा हिस्सा तिच्याकडे. ही व्यवस्था एप्रिल 2017 पर्यंत चालली. म्हणजे ज्या कंपनीचं मोल शून्य सांगितलं गेलं, तिच्या प्रयोगशाळेत तेव्हाच अख्ख्या जगाचं संगीत बदलणारं काम झालेलं होतं. शून्य म्हणणाऱ्यांनी ताळेबंदातले आकडे बरोबर वाचले होते. माणसांच्या डोक्यातली विद्या ताळेबंदात लिहायची पद्धत नसते. तिनेच पुढची वीस वर्षं पैसा आणला. स्वतःच्या नावाचे एमपी3 प्लेअर कंपनीने 1999 च्या सुमारास आणले होते, आयपॉडच्या आधी. तो बाजार मात्र तिच्या हाती राहिला नाही.

2001 मध्ये कंपनीने हॉलिवूडची टेक्निकलर विकत घेतली. चित्रपटांच्या प्रती, डीव्हीडी, स्टुडिओंची कामं. नवा विचार असा होता की पडदे बनवणं सोडायचं आणि पडद्यावर जे दिसतं त्या उद्योगाची सेवा करायची. मग पडद्यांचं काय? इथून प्रकरणातला निर्णायक टप्पा सुरू होतो.

नोव्हेंबर 2003 मध्ये चीनच्या टीसीएलबरोबर करार जाहीर झाला. दोघांचे टीव्हीचे धंदे एकत्र: टीसीएलकडे 67 टक्के, थॉमसनकडे 33. कागदावर ती जगातली सर्वात मोठी टीव्ही कंपनी होती. थॉमसनची नावं आणि युरोप-अमेरिकेतली दुकानं, टीसीएलचे स्वस्त कारखाने. ही जोडी जमायला हवी होती. जमली नाही, कारण युरोपचा ग्राहक नेमका त्याच दोन वर्षांत सपाट पडद्याकडे वळला आणि नव्या कंपनीची सगळी मांडणी जाड टीव्हीभोवती होती. ऑक्टोबर 2006 मध्ये टीसीएलने युरोपातला बहुतेक धंदा गुंडाळायची घोषणा केली.

आता थॉमसनपाशी उरले होते ट्यूबचे कारखाने. स्वतःचे टीव्ही नाहीत, आणि भट्ट्या पेटलेल्या. इटलीत रोमजवळ आनान्यी, पोलंडमध्ये वॉर्साजवळ प्यासेच्नो, मेक्सिकोत मेहिकाली, शिवाय चीनमध्ये. 2005 च्या जूनमध्ये घेणारा सापडला: औरंगाबाद–पैठण रस्त्यावर 14 किलोमीटरच्या दगडापाशी, चितेगावला नोंदणीकृत कार्यालय असलेली व्हिडिओकॉन. व्यवहार सुमारे 24 कोटी युरोंचा, आणि थॉमसनने व्हिडिओकॉनमध्ये भागभांडवलही घेतलं. त्या दिवसांत आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत अभिमानाची लाट होती, आणि ती मला पूर्ण समजते. दुष्काळी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भागातली कंपनी युरोपातले कारखाने घेते, ही घटना लहान नव्हती. चितेगावच्या कारखान्याने कितीतरी घरांत पहिला पगार पोचवला होता.

व्हिडिओकॉनचा हिशेबही वेडगळ नव्हता. भारतात तेव्हा विकला जाणारा जवळजवळ प्रत्येक टीव्ही ट्यूबचाच होता. गुजरातेत भरूचजवळ कंपनीचा स्वतःचा टीव्हीच्या काचेचा कारखाना होता. काच आपली, ट्यूब आपली, टीव्ही आपला. श्रीमंत देश सपाट पडद्याकडे गेले तरी गरीब देश दहा-पंधरा वर्षं ट्यूब घेतील, असा अंदाज होता. तो अंदाज चुकला तो वेळेच्या बाबतीत. जानेवारी 2006 मध्ये, म्हणजे व्यवहारानंतर सात-आठ महिन्यांत, एलजी आणि फिलिप्सची ट्यूब बनवणारी सामाईक कंपनी दिवाळखोरीत गेली. 2008 पासून जगात एलसीडी टीव्हींचा खप ट्यूबच्या टीव्हींहून जास्त झाला. पडद्यांचे भाव इतक्या वेगाने उतरले की गरीब देशांनाही थांबायची गरज उरली नाही. भट्ट्या थंड होत गेल्या. आनान्यीची कंपनी 2012 मध्ये दिवाळखोर जाहीर झाली, आणि तिथल्या हजारावर कुटुंबांना आपला कारखाना फ्रान्सने भारताकडे का दिला हे कोडं आयुष्यभरासाठी पडलं.

एक जोड इथेच सांगायला हवी. 2006 साली व्हिडिओकॉनने एका अमेरिकी गुंतवणूकदाराबरोबर देवू इलेक्ट्रॉनिक्स विकत घेण्याची बोली लावली होती. तीच देवू, जिला थॉमसन एका फ्रँकला मिळणार होती. बोली पसंत झाली, पण वर्ष संपायच्या आत बोलणी फिसकटली. ट्यूबच्या काळातल्या तीन देशांतल्या तीन कंपन्या दहा वर्षं एकमेकींना विकत घ्यायला निघाल्या होत्या, आणि तिघींच्याही पायाखालची वाळू सरकत होती.

थॉमसनने ट्यूब विकल्या म्हणून ती वाचली, असं म्हणता येईल का? माझ्या मते तिने संकट पुढच्याच्या पदरात टाकलं, आणि व्यवहार म्हणून त्यात गैर काही नाही. विकणाऱ्याने विकलं, घेणाऱ्याने डोळे उघडे ठेवून घेतलं. पण स्वतःलाही ती वाचवू शकली नाही. सेवा-उद्योग विकत घेताना नवं कर्ज झालं. 2008 च्या जागतिक मंदीनंतर, 2009 मध्ये, सुमारे 2.8 अब्ज युरोंच्या कर्जाखाली कंपनी कोर्टाच्या दारात उभी राहिली. 2010 मध्ये तिने नावच बदललं: टेक्निकलर. 117 वर्षं चालवलेलं नाव कंपनीने स्वतः पाटीवरून काढलं, आणि परवान्यावर दुसऱ्यांना द्यायला ठेवलं.

फ्रान्सच्या पश्चिमेला आंजे गावात थॉमसनचा टीव्ही कारखाना होता. 1950 च्या दशकाच्या शेवटापासून तिथे टीव्ही बनत होते. भरभराटीच्या काळात हजारो माणसं होती. शेवटी तिथे दुसऱ्यांसाठी डिजिटल डबे जोडले जात. ऑक्टोबर 2012 मध्ये उरलेल्या सुमारे 350 जणांसह तो बंद झाला. त्यांच्या पाटीवर तेव्हा टेक्निकलर लिहिलेलं होतं. गावात लोक मात्र शेवटपर्यंत 'थॉमसन'च म्हणत.

2018 हे वर्ष या प्रकरणात सगळ्या बाजूंनी येतं. मार्चमध्ये टेक्निकलरने आपला पेटंट-परवान्यांचा विभाग अमेरिकेच्या इंटरडिजिटलला देण्याचा 15 कोटी डॉलरचा करार जाहीर केला. प्रयोगशाळेतून आलेली ती शेवटची मोठी मिळकत होती. एप्रिलमध्ये थॉमसन नावाचे टीव्ही भारतात पुन्हा आले: परवाना घेतलेली नोएडाची एक कंपनी ते बनवते आणि ते फ्लिपकार्टवर विकले जातात. आणि जूनमध्ये मुंबईच्या राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाने व्हिडिओकॉनच्या विरोधातला बँकांचा दिवाळखोरीचा अर्ज दाखल करून घेतला. ज्या नावाच्या ट्यूबसाठी चितेगावच्या कंपनीने तीन खंडांतल्या भट्ट्या विकत घेतल्या होत्या, ते नाव त्या उन्हाळ्यात पुठ्ठ्याच्या सपाट खोक्यांवरून छत्रपती संभाजीनगरच्या गल्ल्यांत घरपोच येत होतं.